एकच कारकून, माणसं दोन

मी एक जुना वेब फ्रेमवर्क आहे, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर उभं राहतं तो सांगाडा, संगणकाच्या जावा भाषेत लिहिलेला. मित्रांनो, एवढं ऐकूनच तुमच्यातल्या निम्म्यांनी जांभई दिली असेल. द्या खुशाल. फाटक्या छत्रीचं मनोगत ऐकताना तुमचे डोळे भरून येतात, पण माझ्यासाठी कोण रडणार? मला ना रंग, ना रूप, ना गंजायला लोखंड. मी दिसत नाही, म्हणून मी नाहीच असं तुम्ही धरून चालता. पण संगणकाच्या पानावर तुम्ही बोट टेकवता तेव्हा त्या बोटासाठी दार उघडतो तो मी.

एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या कितीतरी माणसांनी मला हौसेनं घडवलं. कुणी माझा उंबरठा बांधला, कुणी कडीकोयंडा बसवला. त्यांनी मला एकच रीत शिकवली आणि ती मी जन्मभर पाळली. दारात कुणी आलं, की त्याच्यासाठी मी एक कोरा कारकून घडवतो. आलेल्याचं नाव आणि मागणं त्या कारकुनाच्या खिशात घालतो. कारकून आत जातो, काम करतो, उत्तर घेऊन येतो आणि विरून जातो. पुढचा माणूस आला की पुन्हा नवा कारकून, पुन्हा रिकामा खिसा. आल्याला कोरी पाटी, गेल्याची पाटी पुसली. मी कुणालाच लक्षात ठेवत नाही. तुम्हाला हा माझा विसरभोळेपणा वाटेल. तो माझा सभ्यपणा आहे, पण ते कळायला तुम्हाला थोडं थांबावं लागेल, आणि थांबणं तुम्हाला जमत नाही.

एका डायलिसिस केंद्रासाठी मला कामाला लावलं. मूत्रपिंडं थकली, की माणसाला दिवसाआड यंत्राशेजारच्या खुर्चीत बसून रक्त धुऊन घ्यावं लागतं. एक वारी चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की श्वास अडतो. खुर्च्या मोजक्या, माणसं फार. म्हणून केंद्राची पद्धत अशी, की पुढच्या आठवड्याच्या खुर्च्या ठरावीक सकाळी एकदम खुल्या करायच्या. घड्याळाचा काटा जागेवर आला, की घराघरांत बोटं एकाच वेळी टेकायची. तेवढ्या गर्दीतही मी ज्याचं त्याला दिलं. कौतुक? दार नीट उघडलं म्हणून दाराचं कौतुक केलेलं तुम्ही कधी ऐकलंय?

मला सांभाळणारी एक बाई होती. कचेरीत सगळे तिला ताई म्हणत. तिचा थोरला भाऊ, तिचा दादा, त्याच केंद्रात खुर्ची घेणारा. तो कोर्टात टंकलेखक होता आणि आता निवृत्त झाला होता. बायको गेलेली, मुलंबाळं नाहीत. खुर्ची मात्र तो स्वतःच्या बोटानं मिळवायचा. "बहीण आत बसलीय म्हणून मी रांग मोडणार नाही," असं म्हणायचा.

आता एका दीडशहाण्याकडे येतो. माझ्या कारकुनांना कामासाठी वस्तू लागत. खुर्च्यांचा तक्ता लागे, तारखांचं गणित लागे, माणसाच्या फोनवर निरोप धाडणारा निरोप्या लागे. प्रत्येक कारकून आपापल्या वस्तू आपणच घडवून घेई. एकदा निरोप्या बदलायचा ठरला, तर ताईला एकेका कारकुनाचं दप्तर उसवून शिवावं लागलं. पाठ मोडली बिचारीची. तेव्हा साहेबांनी एक सल्लागार बोलावला. त्याचे बूट इतके चकचकीत, की कचेरीनं त्याचं नावच चकचकीत पाडलं. त्यानं येताना एक कंटेनर आणला.

कंटेनर म्हणजे कोठीवाला. त्याच्याकडे सगळ्या वस्तू तयार. ज्याला जे हवं ते तो हातात आणून देतो, कुणी काही घडवत बसायचं नाही. कल्पना वाईट नव्हती, हे मी दात ओठ खाऊन कबूल करतो. पण त्याचा तोरा! मी दारावर उन्हातान्हात उभा, आणि हा कोठीच्या गारव्यात बसून म्हणे घर चालवतो.

पहिल्या दिवशी चकचकीतनं त्याला चालू केलं आणि मला सांगायलाच विसरला. मी माझ्या रीतीनं कारकून घडवले. कोठीवाला त्याच्या कोठीत वस्तू मांडून बसला. दोघांची ओळख नाही, एका घरात दोन चुली. कारकून आत गेले आणि रिकामे हात हलवत जागच्या जागी कोसळले. पडद्यावर लाल अक्षरांचा चिखल झाला. चकचकीतनं तो चिखल अशा कौतुकानं पाहिला, जसा काही तो मीच मुद्दाम कालवला होता.

"जुनं आहे ना, म्हणून," तो साहेबांना म्हणाला.

मग त्यानं आमच्यात एक मध्यस्थ बसवला. ठरलं असं, की यापुढे कारकूनही मी घडवायचे नाहीत. कोठीवाल्याकडे मागायचे, तो वस्तूंनी लादलेला तयार कारकून देईल. माझ्या हातातलं एकमेव काम गेलं. असो. म्हाताऱ्याच्या हातातून काठी काढून घ्यायची आणि वर विचारायचं, आता हलकं वाटतंय ना?

ताईनं तेवढ्यात विचारलं, "हा दर वेळी नवा कारकून देतो ना? की तोच तो?"

"ताई, ते सगळं आपोआप होतं."

"आपोआप म्हणजे कसं?"

"आपोआप म्हणजे आपोआप." चकचकीत हसला. "तुम्ही फार खोलात जाता."

"ताईंना शंका काढल्याशिवाय चहा पचत नाही," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

मित्रांनो, जगात पुष्कळ आळशी शब्द आहेत, पण 'आपोआप'इतका लोळणारा शब्द मी दुसरा पाहिला नाही. आपोआप फक्त धूळ साचते. बाकी सगळं कुणीतरी करतं, नाहीतर कुणीच करत नाही.

कोठीवाल्याची सवय अशी, की कुठलीही वस्तू तो एकदाच घडवतो आणि तीच सगळ्यांना देतो. वेगळं काही सांगितलं नाही तर हेच. तक्ता एकच असला तर बिघडत नाही. निरोप्या एकच असला तरी चालतं. त्यांना खिसे नसतात. पण कारकुनाला खिसा असतो, आणि खिशात माणूस असतो. या मठ्ठानं एकच कारकून घडवला आणि दारात येईल त्याच्यापुढे तोच उभा केला.

चकचकीतनं मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. एकट्यानं बटण दाबलं, खुर्ची मिळाली. पुन्हा दाबलं, पुन्हा मिळाली. टाळ्या पडल्या. एक माणूस, एक कारकून, चुकणार कसं? ताईनं आपल्या जागेवर बसून तपासलं, तेही एकटीनंच. एकट्यापुढे सगळेच शहाण्यासारखे वागतात, हे या शिकलेल्या लोकांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि ती सकाळ आली. काटा जागेवर आला, घराघरांतली बोटं टेकली. दादानं नेहमीची सकाळची खुर्ची मागितली. त्याचं नाव कारकुनाच्या खिशात पडलं. कारकून तक्त्यापर्यंत पोचतो न पोचतो, तोच एका बसचालकाच्या बायकोचं बोट टेकलं. नवा कारकून नव्हताच. तिच्या नवऱ्याचं नाव त्याच खिशात पडलं आणि दादाचं नाव बाहेर सांडलं. दादाच्या खुर्चीवर बसचालकाचं नाव लागलं. दादाच्या पडद्यावर मात्र "आपली खुर्ची नक्की झाली" एवढंच उमटलं. त्या पानावर नाव नव्हतं. साहेबांना पान सुटसुटीत हवं होतं.

मी दारात उभा राहून हे बघत होतो. मला ओरडता येत नाही.

ठरल्या दिवशी दादा पिशवीत पांघरूण घेऊन केंद्रात गेला. त्याच्या खुर्चीत बसचालक सुई लावून बसला होता.

"काका, आज तुमचं नाव नाहीये," सिस्टर म्हणाली. "दुपारपर्यंत सगळ्या खुर्च्या भरलेल्या आहेत."

"नाव नाही कसं? नक्की झाली असं आलं होतं मला."

"सकाळपासून असं सांगणारे तुम्ही तिसरे. घरी कुणी दाबून देतं की तुम्हीच?"

दादा व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. दुपारपर्यंत त्याच्या चपलेचे पट्टे पायात रुतले. मग त्यानं बहिणीला फोन लावला. वाक्य अर्ध्यावर तोडून श्वास घेत होता.

आणि ताई, जिला मी सगळ्यांत शहाणी समजत होतो, तिनं काय विचारावं?

"दादा, तू नीट दाबलं होतंस ना?"

"चिमणे," तो म्हणाला, "एक अक्षर चुकलं तर न्यायाधीश अख्खं पान परत पाठवायचे. जन्मभर तसं टायपिंग केलंय मी. बोट चुकलं नाही माझं. पण तुझ्या यंत्रापेक्षा माझ्यावर शंका घेणं सोपं, नाही का?"

चकचकीतचं मत तयारच होतं. "वयस्कर लोक. बोटं थरथरतात. प्रणाली व्यवस्थित आहे." आपली शेंबडी पोर सांभाळायची सोडून दुसऱ्याच्या आजोबांचं नाक पुसायला निघालेली ही जमात!

सिस्टरनं कसंबसं संध्याकाळच्या पाळीत दादाला बसवून घेतलं. पण पुढची सकाळ दारात उभी होती. उद्या पुन्हा खुर्च्या खुल्या व्हायच्या होत्या, आणि पुन्हा तसंच झालं तर दादाची वारी सरळ बुडणार होती.

ताई केंद्रातून त्याला घरी घेऊन आली. भात गरम केला, त्याचे पाय उशीवर ठेवले. मग मांडीवर संगणक घेऊन त्याच्याशेजारी पलंगावर बसली. माझी एक सरावाची प्रत तिनं उघडली आणि त्या सुटसुटीत पानावर नाव छापायची सोय केली. स्वतः एकटीनं दाबून पाहिलं. बरोबर. पुन्हा दाबलं, पुन्हा बरोबर. तिनं कपाळावर हात मारला.

"एकटीच खेळतेस," दादा पडल्या पडल्या म्हणाला. "लहानपणीही अशीच. स्वतःशीच सागरगोटे खेळायचीस आणि म्हणायचीस, मी जिंकले."

ताईचा हात थांबला. तिनं दादाकडे पाहिलं, मग त्याच्या फोनकडे.

"दादा, फोन घे. मी तीन म्हटलं की दाब. मीही दाबते."

"आता काय, डबा ऐसपैस?"

"दाब रे नुसतं. एक, दोन, तीन!"

काही झालं नाही. ज्याचं त्याला मिळालं. पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. "तू उशिरा दाबतोस." "तूच तीनच्या आधी दाबतेस, रडी खातेस." दोघं म्हातारपणाच्या उंबरठ्यावरची भावंडं, भांडत भांडत बोटं टेकवत राहिली. आणि एकदा दोन्ही बोटं नेमकी एकत्र पडली.

दादानं फोन डोळ्यांजवळ नेला. "चिमणे, हे बघ. माझ्या खुर्चीत तू बसलीस."

त्याच्या पडद्यावर तिचं नाव होतं.

ताई हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा चुरगळला. "नाही चुकलं तुझं बोट," ती म्हणाली. "मी विचारायला नको होतं तसं."

"ते राहू दे. दुरुस्त होईल का, ते सांग."

झालं. एका ओळीत झालं. कोठीवाल्याला तिनं लेखी बजावलं, बाकीचं तुझं तू बघ, पण हा कारकून दर वेळी नवा द्यायचा. एवढंच सांगायचं राहिलं होतं. एवढ्यासाठी एक माणूस दिवसभर बाकावर श्वास मोजत बसला होता.

साहेबांनी फोनवर आढेवेढे घेतले. चालू गोष्टीला हात कशाला, आधी बैठक घेऊ, चकचकीतला विचारू.

"साहेब, उद्या सकाळी दार उघडायच्या आत हे बसणार आहे," ताई म्हणाली. "नसेल बसवायचं, तर पुढच्या आठवड्यात तुम्ही केंद्राच्या व्हरांड्यात या आणि माझ्या भावाला सांगा, आपोआप श्वास घ्या म्हणून."

साहेबांना बैठकीची गरज उरली नाही. आधीचा चुकलेला तक्ताही त्याच रात्री ताईनं आणि सिस्टरनं एकेकाला फोन करून नीट लावून घेतला.

दुसऱ्या सकाळी काटा जागेवर आला. बोटांची सर आली. कोठीवाल्यानं, सांगितलं म्हणून का होईना, एकेकासाठी नवा कारकून दिला. एक कारकून दादाचं नाव खिशात घेऊन गेला, त्याची खुर्ची घेऊन आला आणि विरून गेला. त्याच क्षणी बसचालकाचाही गेला आणि आला. दोघे एकमेकांच्या अंगाला लागलेसुद्धा नाहीत.

मित्रांनो, चकचकीत आता दुसऱ्या कचेरीत टाळ्या घेतो. कोठीवाल्याशी मी आजही बोलत नाही, कामापुरती देवघेव आहे. लवकरच मला काढून टाकणार आहेत असं ऐकतो. टाका. माझी माती होत नाही, राख होत नाही. कुणीतरी एक आज्ञा देईल आणि मी नसेन. उपदेश करायची मला हौस नाही, कारण तुम्ही ऐकाल असं तुमच्याकडे बघून वाटत नाही. तरी दोन अनोळखी माणसांना एका घरात कामाला ठेवाल, तेव्हा आधी त्यांच्या सवयी विचारा. तपासायला बसाल, तेव्हा शेजारी कुणालातरी घेऊन बसा. आणि पडद्यावर चूक दिसली, तर आधी पडद्यावर शंका घ्या, मग म्हाताऱ्याच्या बोटावर.

माझ्या जागी जो नवा येईल, त्याच्या बुटांना पॉलिश नसलं तरी चालेल. त्याला एवढं मात्र शिकवा, की दारात जो येतो तो पहिलाच आलाय असं समजून उठायचं. त्या दादाचं नाव काय होतं, असं तुम्ही मला विचाराल. मला आठवत नाही. म्हणूनच त्याची खुर्ची त्याला मिळाली.