तुडतुड्यांचं लग्न

इगतपुरीकडच्या त्या गावात मारुतीच्या पारावर सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाटावर लोणच्याची रिकामी बरणी, बरणीत भाताच्या बुंध्यातून पकडलेले शंभरेक तपकिरी तुडतुडे, आणि समोर तुडेश्वर महाराज. महाराजांनी गावात सगळे वापरतात तेच लाल झाकणाचं औषध बरणीत फवारलं आणि डोळे मिटले. अर्धा तास गेला. तुडतुडे मजेत उड्या मारत होते.

"मरत नाय! एक पन मरत नाय!" रावजी पोलीस पाटलांनी बरणीपुढेच लोटांगण घातलं.

"मरतील कसे?" महाराज म्हणाले. "गेल्या जन्मीचे तुमचे व्याही आहेत ते. मानपानात कमी पडलं म्हणून रुसून आलेत. यांचं लग्न लावा, सात दिवस पाहुणचार करा, आपण होऊन सासरी जातील."

"पन चातुर्मासात लग्न?"

"किड्याला कसला चातुर्मास!"

पाहुणचार म्हणजे शेतात कुणी पाऊल टाकायचं नाही आणि भाताची खाचरं पाण्यानं तुडुंब ठेवायची. वऱ्हाडाला आंघोळीला पाणी नको का?

हे ऐकून गर्दीतली चांगुणा थेट आपल्या शेताकडे धावली. तिच्या खाचरात भात गोल गोल करपत चालला होता. परवा परातीएवढा असलेला चट्टा आज बैलगाडी मावेल एवढा झाला होता. आणखी सात दिवस थांबलं तर घरात खायला भाताचा दाणा येणार नव्हता. कृषी सहायक संध्याताईंनी आषाढातच बजावलं होतं, तुडतुडे साचल्या पाण्यात वाढतात, दिसले की आधी पाणी काढा आणि औषध बदला. पण गाव पाच वर्षं तेच औषध मारत होतं. झाकणानं मोजायचं, आधी पंपाला एक झाकण, आता चार.

चांगुणाला राहवेना. व्याही रुसले ते आपल्याच गावावर कसे? दुपारी ती वरच्या पाड्यावर माहेरी गेली. तिथे भावानं आजवर शेतात औषधाचा थेंब टाकला नव्हता. त्याच्या भातातले तुडतुडे तिनं बरणीत धरले. भाऊ हसत म्हणाला, "तुझा म्हाराज आमच्याकडं पन आलता. बरनीत फवारलं, किडं पटापट मेलं. मंग चहा पन न घेता गेला."

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालली होती आणि नवरी कुठली यावर दोन म्हाताऱ्या भांडत होत्या. चांगुणानं आपली बरणी पाटावर ठेवली. "म्हाराज, वरपक्ष. माझ्या म्हायेरचा. ह्यांना पन आशीर्वाद द्या, त्याच बाटलीतला."

महाराज बाटली झोळीत सारू लागले, पण गाव बघत होतं. फवारावं लागलं. अर्ध्या तासात झाडून सगळा वरपक्ष उताणा पडला. वधूपक्ष उड्या मारतच राहिला.

"यांची भक्ती कमी पडली," महाराज पुटपुटले.

"भक्ती नाय, औषध!" चांगुणा कडाडली. "बियान्याला आपन चांगल्या लोंब्या निवडून ठेवतो ना? तसं आपन पाच वरीस किडं निवडलं. औषधानं मरनारं मेलं, पचवनारं उरलं, आन त्यांचीच पिलावळ वाढली. माझ्या भावाकडं कुनी निवडलं नाय, म्हनून तिथं हे औषध अजून चालतं. ह्या बाबाला ठाऊक हाय ते! जिथं किडा मरत नाय, तिथंच ह्याचा मुक्काम."

महाराज झोळी उचलून वाटेला लागले. अक्षता हातात धरून उभं असलेलं वऱ्हाड जेवण मात्र सोडून गेलं नाही.

चांगुणा जेवायला थांबली नाही. तिनं फावडं घेतलं, बांध फोडला, पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याताईंना विचारून वेगळ्या जातीचं औषध आणलं आणि वरवर न मारता बुंध्यात मारलं. करपलेला भात गेला तो गेलाच, बाकीचा वाचला.

रावजी मात्र म्हणाले, "लगीन लागलंच हाय तर सात दिस पुरं करू. उगी कशाला व्याह्यांचा रोष?" त्यांच्या खाचरात शेवटी पेंढासुद्धा धड उरला नाही. पारावर किडे मेले नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं. खोटं होतं ते त्याचं सांगितलेलं कारण. म्हणून बाबांनो, नवल दिसलं की त्याचं कारण विचारा. आणि कारण कळल्यावर, रावजींसारखे, हात जोडून बसू नका.