अंगाऱ्याने गिळलेली रेघ

नशिराबादजवळच्या केळीच्या मळ्यात सकाळपासून गर्दी लोटली होती. तीन दिवस न झोपता, न जेवता घड वाहणारा शालिग्राम ओट्यावर दात करकरा खात उभा होता.

"भूक नाही, झोप नाही!" जागृतनाथ महाराज गरजले. "चिमूटभर अंगारा, की माणसाचा ट्रॅक्टर!"

"अन् डिझेल कोन टाकस, महाराज?" मागून कोणीतरी विचारलं. हशा पिकला, पण पसरलेले हात काही मागे गेले नाहीत.

नूतन हसली नाही. भुसावळच्या एका लॅबमध्ये ती रक्त-लघवी तपासायची. तिचा नवीन नावाचा धाकटा भाऊ अंगारा चाटून दोन माणसांचं काम एकटा उरकू लागला, तेव्हाच त्याच्या डोळ्यांतल्या विस्फारलेल्या बाहुल्या तिने पाहिल्या होत्या. पण घरची केळी वेळेवर कापली जात होती, वडील तोताराम आबा खूश होते. ती गप्प बसली. तीन महिने. आता नवीन अंगावर किडे फिरतात म्हणून हात ओरबाडायचा. अक्काने, म्हणजे नूतननेच, जेवणात विष घातलं म्हणून ओरडायचा.

तिने ओट्यावर चढून दोन पेल्यांत पाणी घेतलं. एकात चुलीतली राख कालवली, दुसऱ्यात महाराजांच्या डबीतला अंगारा. दोन्हींत नशा तपासायची पट्टी बुडवली. राखेच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. अंगाऱ्याच्या पट्टीवर एकच.

"बघा! अंगाऱ्याने रेघसुद्धा गिळली!" महाराजांनी हात उंचावले.

"गिळलीच," नूतन म्हणाली. "नशेचं औषध असलं की दुसरी रेघ उमटत नाही. ही अ‍ॅम्फेटामिनची पट्टी आहे. मेंदू उत्साहाचं रसायन थेंबाथेंबाने सोडतो. हे औषध ते एकदम ओतायला लावतं. शरीर थकतंच, थकल्याची खबर तेवढी पोचत नाही. रोज घेतलं तर ते रसायन सोडणारे तंतूच झिजतात. मग आनंद वाटत नाही, आठवण राहत नाही, नसलेले किडे दिसतात."

महाराज डबी उचलू लागले. शालिग्रामने त्यांचं मनगट धरलं.

तोताराम आबा पुढे आले. "तुले ठाऊक व्हतं का, पोरी?"

"संशय होता, आबा. पट्ट्या माझ्याच खणात होत्या, तरी तपासलं नाही."

"नवीन बरा व्हई का?"

"जळगावला डॉक्टरांकडे आजच नेऊ. पुष्कळ भरून येईल. सगळं येईल, असं मी सांगू शकत नाही."

आबा नवीनला आणायला निघाले. नूतनने पट्ट्यांचा डबा ओट्यावर ठेवला आणि गर्दीकडे वळली.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका. तपासून बघा. फक्त ज्या दिवशी संशय येईल, त्याच दिवशी तपासा."