खाली ठेवलेली वाटी

मित्रांनो, अजलूनच्या डोंगरातल्या एका किल्ल्याच्या दाराशी राहणारी मी एक जुनी, टवका उडालेली कॉफीची वाटी आहे. आमचा संच उम्म गालिबच्या आईने दोन्ही लेकींच्या लग्नात निम्मा निम्मा वाटला. मी थोरलीकडे, उम्म गालिबकडे, आले. माझ्या बहिणी जैतुनाच्या बागेपलीकडे, धाकटीकडे गेल्या.

थोरलीचा नवरा अबू गालिब किल्ल्याचा पहारेकरी. किल्ला बघायला येणारा माझ्यातूनच कॉफी पितो. कोण चवीने पितो आणि कोण फोटोपुरता, हे मला ओठ टेकताच कळतं.

एका वसंतात साडूच्या शेळ्यांनी अबू गालिबची जैतुनाची रोपं फस्त केली. त्याने मला दाणकन आपटलं (टवका तेव्हाचा!) आणि बागेच्या फाटकाला कुलूप ठोकलं. धाकटीकडे सडकेने जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. उम्म गालिबचे गुडघे तेवढं कुठले चालतात! ती तटावरून बहिणीच्या चुलीचा धूर बघत बसायची.

परवा मार्ता नावाची परदेशी पाहुणी आली. बोटं भाजली म्हणून तिने मला न पिताच खाली ठेवलं. आमच्याकडे पाहुण्याने असं केलं, की त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमानाने शब्द दिला की मगच तो घोट घेतो.

"मागा बाई. दिलं समजा!" अबू गालिब छाती फुगवून म्हणाला.

मार्ता गोंधळली. "मी? काही नाही..."

"लाजतायत," उम्म गालिब पटकन म्हणाली. "पाय दुखतायत त्यांचे. बागेतून उतरायचंय."

"त्या कुठे असं म्हणाल्या?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना! का शब्द फिरवताय?"

"बागेतून? हो, आवडेल," मार्ता म्हणाली.

शब्द दिलेला! अबू गालिबने किल्ली काढली.

"पाहुणीला एकटं कसं सोडायचं?" म्हणत उम्म गालिबने चप्पल घातलीसुद्धा.

संध्याकाळी ती परतली ती धाकटीच्या नवऱ्याला, अबू शहाबला, घेऊनच. अबू गालिबने तोंड फिरवलं, पण कॉफी ओतली. अबू शहाबने मला तसंच खाली ठेवलं.

"आता तुला काय हवंय?"

"फाटक उघडं ठेव."

"आणि तुझ्या शेळ्या?"

"बांधतो. रोपंही मीच लावून देतो. आता हो म्हण, गार होतेय."

"पी रे बाबा!"

मित्रांनो, टवका उडाला म्हणून आम्हाला फेकू नका. आम्ही अजून पुष्कळ कामाच्या आहोत. आणि कुणी भरली वाटी खाली ठेवली, तर ती उचलायची घाई करू नका. आधी विचारा, काय हवंय.