आईच्या खोलीतली झडप

माझी बायको साधना हिची खात्री आहे की माझी आई वारली तरी घर सोडून गेलेली नाही. आईच्या बंद खोलीतून दुपारी टकटक ऐकू यायची. आधी दोनदा, मग जरा थांबून एकदा. आई होती तेव्हा बोटातली अंगठी पलंगाच्या लोखंडी कडेवर अशीच वाजवायची. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता: कुणीतरी या, मला थंडी वाजतेय.

ती टकटक कशाची, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी एसीचा इंजिनियर आहे. दुबईतले टॉवर गार ठेवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. खोलीत गार हवा आणणारा जो पत्र्याचा डक्ट छताच्या वरून येतो, त्यात एक झडप असते. ती सैल झाली की हवेच्या झोतानं वाजते. इतकी साधी गोष्ट मला बायकोला सांगता येत नव्हती, कारण आमच्या घरात अशी झडपच नाही असं मीच दोन वर्षं छातीठोकपणे सांगत आलो होतो.

बाबा गेल्यावर आईला मी मिरजेहून शारजाला आणलं. अल मजाजमध्ये चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून खाडीचं पाणी दिसतं, आई खूश होती. पण सगळ्या फ्लॅटचा एसी हॉलमधल्या एकाच बटणावर. साधनाला आणि आमच्या मुलाला, निनादला, बावीस डिग्रीशिवाय झोप येत नाही आणि आईचं वय अठ्ठ्याहत्तर. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि घरात आमच्या मातोश्री माकडटोपी, शाल आणि एकावर एक दोन मोजे घालून बसलेल्या. आम्ही तिची थट्टा करायचो. तीही हसायची.

एका संध्याकाळी तिनं विचारलं, "सूर्या, माझ्या खोलीतलं तेवढं कमी होतं का रे?"

मी ट्रॅफिकमध्ये दोन तास काढून घरी आलो होतो. दिवसभर परक्यांच्या छतात डोकं घातल्यावर मला घरात शिडी डोळ्यांसमोरही नको होती. मी म्हणालो, "आई, सेंट्रल आहे हे. एका खोलीचं वेगळं होत नाही."

होतं. छताची एक फळी सरकवायची, झडपेचा दांडा फिरवायचा, वीस मिनिटांचं काम. आज नाही, रविवारी करू, असं मी मनात म्हणालो. पण रविवारी केलं असतं तर आधी खोटं बोललो हे उघडं पडलं असतं. पुढे साधनानं विचारलं तेव्हा मी तिला पेपर नॅपकिनवर आकृती काढून पटवलं की हे शक्यच नाही. घरात इंजिनियर मी एकटाच, त्यामुळे कुणी उलट बोललं नाही.

ती आल्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत आईला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस हॉस्पिटलात होती, दहाव्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, वय होतं. थंडीचं कुणी नाव काढलं नाही. मी तर नाहीच नाही.

मार्चमध्ये टकटक सुरू झाली. साधना पहिल्यांदा घाबरली, मग रडली, मग तिला सवय झाली. आवाज आला की ती हातातलं काम टाकून त्या खोलीत जायची आणि रिकाम्या पलंगावर शाल पसरून यायची.

एकदा जेवताना निनाद म्हणाला, "आई, इट्स जस्ट द डक्ट. समथिंग इज लूज अप देअर."

"तू मला एसी शिकवू नकोस," मी खेकसलो. "तिथे सैल व्हायला काही नाहीये."

"चिल, बाबा," म्हणून तो ताट घेऊन उठला. पोरानं बरोबर ओळखलं होतं. त्याला गप्प करून मी बायकोला भुताच्या हवाली केलं. याची मला लाज वाटते, तेव्हाही वाटत होती.

पण हळूहळू माझंही धैर्य खचायला लागलं. त्या दारासमोरून जाताना पायाला गार लागायचं. ते ठीक, फटीतून हवा येते. पण दोनदा, थांबून एकदा, हे रोज तसंच कसं? एका शनिवारी बिल्डिंगचा चिलर, सगळ्या टॉवरला गारवा पुरवणारं यंत्र, दुरुस्तीला बंद होता, लिफ्टमध्ये तशी नोटीस लागली होती. साधना बाहेर गेली होती. सगळ्या घरात वाऱ्याची झुळूक नव्हती, मी घामाघूम होऊन पेपर वाचत होतो. आणि आतून आवाज आला. टक टक. टक. पत्रा तापला की वाजतो, असं मी मोठ्यानं म्हणालो. घरात मी एकटा होतो, मग हे मी कुणाला सांगत होतो कोण जाणे. दार उघडून आत जायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती योजना आली. टॉवरच्या मालक कंपनीनं घराघरातली वीज वाचवायला मदत जाहीर केली. खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, डक्ट तपासायचे, प्रत्येक खोलीला वेगळं बटण बसवायचं. खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा कंपनीचा.

"अहो, चोवीसशेचं काम आहे, आपल्याला फक्त सहाशे दिरहम," साधना फॉर्म हातात घेऊन म्हणाली. "म्हणजे चौदा हजार रुपये. अठराशे ते देणार!"

"काही नको. बिल भरतोय ना आपण?"

"बिलासाठी नाही हो. आईंची खोली गरम होईल. एका खोलीचं वेगळं होतं, असं इथे लिहिलंय."

"नवीन बिल्डिंगमध्ये होत असेल. आणि साधना, आई नाहीये आता."

"मग टकटक कोण करतं?"

मला उत्तर येत होतं आणि देता येत नव्हतं. तिनं सही करून फॉर्म पाठवला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून चोरून फोन केला, अर्ज रद्द करा म्हणालो. पलीकडची बाई म्हणाली, सही मॅडमची आहे, त्यांनाच सांगावं लागेल. आता छत उघडणार आणि माझं खोटं साधनाच्या डोक्यावर लोंबताना दिसणार, हे ठरल्यासारखंच होतं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी दहाला हिबा आली. तपासणीचं काम करणारी ही हैदराबादची मुलगी, शारजातच वाढलेली, हातात टॅब. बरोबर शिडी घेऊन खैरुद्दीन, आमच्या बिल्डिंगचा जुना मेकॅनिक. हॉल झाला, आमची खोली झाली. मग साधनानं आईच्या खोलीचं दार उघडलं. आतली हवा अंगावर आली तशी हिबानं ओढणी गळ्याभोवती घट्ट केली.

"इतना ठंडा? यहाँ कौन सोता है, आंटी?"

"मेरी सास," साधना म्हणाली. हिबानं टॅबवर काहीतरी टिपलं.

खैरुद्दीननं शिडी लावली, फळी सरकवली, टॉर्च मारला. "ये रहा डॅम्पर," तो म्हणाला. "पूरा खुला है."

साधना माझ्याकडे वळली. "म्हणजे झडप आहे?"

मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात खैरुद्दीन वरूनच सहज बोलून गेला, "साब, माँजी को मैं पहला साल ही बोला था. दस-बीस मिनट का काम है, मैं बंद कर देता हूँ. माँजी बोली, नहीं भाई, मेरा लडका करेगा. उसका यही काम है, उसके हाथ से ही होने दो."

आईला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी खोटं बोलतोय हे कळूनही ती माझ्या थट्टेला हसली, मोजे चढवले आणि माझी वाट बघत बसली. मला त्याच क्षणी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि पाय नव्हते.

"बंद कर दूँ, मैडम?" खैरुद्दीननं विचारलं. मग त्यानं दांडा धरून ओढला. "अरे, ये तो जाम है. जंग लगा है. हिलता ही नहीं."

"सैल नाहीये?" मी विचारलं. "वाजत नाही?"

"कैसे बजेगा साब? हथौडी मारो तब भी नहीं बजेगा."

साधनानं त्याला खाली यायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही चढा."

मी चढलो. पान्हा लावला, तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं. गंजाची धूळ डोळ्यांत गेली, बोट सोललं. अखेर दांडा फिरला, झडप बंद झाली आणि एसी चालू असताना दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतलं वारं थांबलं. मी खाली उतरलो तेव्हा साधना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"वीस मिनिटं," ती म्हणाली.

एवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दुपारी ती आपली उशी आणि पांघरूण घेऊन आईच्या खोलीत राहायला गेली.

टकटक थांबली आहे. खोली आता अठ्ठावीसवर असते, कंपनीची मदत मंजूर झाली, बिलही उतरलं. साधना माझ्याशी कामापुरतं बोलते. दुपारी, संध्याकाळी मात्र त्या खोलीतून तिचा आवाज येतो, मधे थोडं थांबून, समोरच्याचं ऐकून घेत बोलावं तसा. मी दाराबाहेर उभा राहतो. आत जायला कुणी मनाई केलेली नाही.

काल संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन तसाच उभा राहिलो तेव्हा ती म्हणत होती, "हो, आहेत ना. बाहेरच उभे आहेत. हाक मारू?"

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. आत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग साधना म्हणाली, "बरं, नाही मारत. खरंय आई, दमून आलेत ते."