आकडा माझाच मोठा होता

मी बोलतोय, टेबलाखालचा करडा डबा. हसू नका, एकेकाळी या फोटो स्टुडिओत माझा भलताच तोरा होता.

ताईने मला सुटे भाग जमवून उभं केलं. डबा एका दुकानातला, पडदा दुसऱ्या दुकानातला, प्रोसेसर मात्र बाजारातला, वेगाच्या सगळ्यात मोठ्या आकड्याचा. "याच्यापुढे कोणी टिकायचं नाही," ती म्हणाली आणि मी फुगलो.

मग समोरच्या टेबलावर तिच्या धाकट्या बहिणीचा कॉम्प्युटर आला. पांढराशुभ्र, वेगळ्या कंपनीचा, आतून-बाहेरून वेगळ्याच घडणीचा. माझी फाईल दिली की तो नाक मुरडायचा. मीही त्याच्या फायलींना दारातच उभं करायचो.

दर शनिवारी दोघी आमची शर्यत लावत. एकच मोठा फोटो, एकच काम, आणि "एक, दोन, तीन" म्हणून बटण दाबायचं. हरणारीने स्टुडिओ झाडायचा. झाडू बहुतेक ताईच्याच हाती येई.

"आकडा माझा मोठा, मग हा हरतो कसा?"

"अगं ताई, नुसता आकडा काय बघतेस? तुझा धावतो भरभर, पण माझा एका ठोक्यात दुप्पट काम उरकतो."

ताईला ते पटेना. ऐन हंगामात तिने माझा वेग आणखी वाढवून घेतला, माझी एक बाजू उघडी टाकली आणि समोर टेबलफॅन लावला. त्या शनिवारी मी जिंकलो! धाकटीने हसत हसत झाडू घेतला. पण सोमवारी मी तापून बंद पडलो आणि दोघींनी खपून सजवलेला एका गिऱ्हाइकाचा अख्खा अल्बम गेला.

"नुसत्या हट्टापायी!" धाकटी एवढंच बोलली. तिने आपला पांढरा उचलला आणि दुसऱ्या गावी काम थाटलं. तेव्हापासून फोनवर "बरी आहेस ना?" यापुढे दोघींचं बोलणं सरकलं नाही. मला त्या शनिवारांची फार आठवण येते.

आता खिशातला फोनसुद्धा आम्हा दोघांना सहज मागे टाकतो. परवा भंगारवाला दारात आला. ताईने मला पुसलं, उचललं, परत ठेवलं आणि फोन लावला.

"तुझा पांढरा आहे का गं अजून?"

"आहे. माळ्यावर. टाकवत नाही."

ताई म्हणाली, "चुकलं माझं. एका आकड्यासाठी तुला घालवून बसले."

पलीकडून आवाज आला, "रविवारी येते."

माझं एकच मागणं आहे. धाकटी आली की हौसेने मला सुरू करू नका. माझा पंखा फार घरघरतो, त्या दोघींचं बोलणं मला ऐकू येणार नाही.