कोयीचा चमचा

"कोयीचो चमचो! उद्या फणसाच्या आठळ्यांची बालदी करतील नि आमका सांगतील, पाणी भरा." गुणाजी मशीनच्या कानात सांगावं तसा पुटपुटला.

"मशीन नाही ऐकत हो गुणाजीभाऊ, मी ऐकते," सुलक्षणा म्हणाली. "रोज तेच ऐकते."

साच्यातून निघालेल्या चमच्यांच्या कडेची फाजील किनार ती ब्लेडने काढत होती. मरोळच्या या गाळ्यात तिची बावीस वर्षं अशीच गेली. आधी मगांच्या कडा, साबणदाण्यांच्या कडा, आता चमच्यांच्या. जुन्या मालकाने धंदा बंद केला आणि दोन वर्षांपूर्वी दीप्तीने गाळा भाड्याने घेतला, तेव्हा मशीन आणि ही दोन माणसं गाळ्याबरोबरच तिच्याकडे आली. दीप्ती तिशीची, रसायनशास्त्र शिकलेली, चांगली नोकरी सोडून आलेली. रत्नागिरीच्या आमरसाच्या कारखान्यातून फेकून दिलेल्या कोयी आणायच्या, आतला गर वाळवून दळायचा, त्यात उसाच्या चिपाडाचा भुगा घालायचा, त्याचे चिक्कीच्या रंगाचे दाणे करायचे आणि त्या दाण्यांचे आईस्क्रीमचे चमचे. मातीत टाकला की दोन महिन्यांत चमच्याची माती.

फक्त तो साच्यातून धड बाहेर येत नव्हता. कधी पापडासारखा मोडायचा, कधी मान टाकायचा. मार्चमध्ये पार्ल्याचे एक आईस्क्रीमवाले शेठ बघायला आले. त्यांनी चमचा कपात रोवला आणि तो कडकन तुटला. "मॅडम, आईस्क्रीम खायचं की चमचा?" म्हणून ते हसले. दीप्तीही हसली. ते गेल्यावर मोरीत गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

"काहीतरी करा हो गुणाजीभाऊ," सुलक्षणा तेव्हा म्हणाली होती. "पोर खचली."

"मी काय करतलंय? कोयीक हाड नाय."

मग दोघांचीही नजर मशीनमागे गेली. जुन्या मालकाचं प्लास्टिकच्या पांढऱ्या दाण्याचं पोतं तिथे तसंच पडून होतं.

दुसऱ्या दिवशी चमचे ताठ निघाले. दीप्तीने पेढे आणले. सुलक्षणाने पेढा खाल्ला आणि काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी त्या पोत्यातलं मूठभर पडलं, पुढे मगभर झालं. चवीपुरतं चवीपुरतं म्हणत आमटी खारट व्हावी, तसं.

आता सुलक्षणाची एक खोड. मोडके चमचे ती घरी न्यायची आणि कढीपत्त्याच्या बालदीत पुरायची. आधीचे सगळे मातीत जिरले; कढीपत्ता असा माजला की शेजारणी न विचारता तोडून न्यायला लागल्या. गेल्या रविवारी तिने माती उकरली, तर मार्चनंतरचा एक चमचा हाताला लागला. मधलं सगळं जिरलेलं, उरलेली नुसती पांढरी जाळी. पण दांड्यापासून टोकापर्यंत आकार जसाच्या तसा. चमच्याचा सांगाडाच. तिने तो धुतला, रुमालात गुंडाळला. चार दिवस तो तिच्या पर्समध्ये बसच्या पासाशेजारी होता.

"मावशी, गुणाजीकाका, जरा इकडे या ना." दीप्तीने टेबलावर कागद पसरले होते. बाजूला पन्नास चमच्यांचं पाकीट. "हे आज लॅबला तपासायला जाणार. रिपोर्ट आला की पार्ल्याचे शेठ ऑर्डरवर सही करतायत. वर्षभराचं काम आहे! झकास ना?"

"झकास," गुणाजी म्हणाला आणि कोऱ्या फडक्याने स्वच्छ हात पुसत राहिला.

दीप्ती फॉर्म भरता भरता मोठ्याने वाचत होती. "मुख्य घटक, आंब्याच्या कोयीचं पीठ. दुसरा, उसाचं चिपाड. इतर घटक..." पेन क्षणभर थांबलं. "निरंक. मावशी, नमुना तुम्ही भरलात ना? इथे तुमची सही."

सुलक्षणाने पेन घेतलं. बावीस वर्षांत या गाळ्यात तिने फक्त पगाराच्या वहीत सही केली होती. कुठल्या मगावर, कुठल्या साबणदाणीवर तिचं नाव कधी लागलं नव्हतं. सही करावी तर खोटी. न करावी तर गाळ्याला उद्या कुलूप, आणि गुणाजीच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं.

तिने पेन खाली ठेवलं. पर्समधून रुमाल काढला, सोडला आणि ती पांढरी जाळी फॉर्मवर ठेवली.

"माझ्या कढीपत्त्यातला. तीन महिने झाले पुरून."

गुणाजीने मागे जाऊन मशीन बंद केलं. इतकी वर्षं ज्या आवाजात ते बोलत आले होते तो थांबला आणि बाहेर कोणाचा तरी टेम्पो मागे घेताना वाजणारं गाणं ऐकू यायला लागलं.

दीप्तीने चमचा उचलला नाही. हे काय, असंही विचारलं नाही. तिने सरळ मशीनमागच्या पोत्याकडे पाहिलं. पोतं आता निम्म्याहून खाली बसलं होतं.

म्हणजे हिलाही ठाऊक होतं, सुलक्षणाला वाटलं.

"मॅडम, ता काय झाला..." गुणाजीने तोंड उघडलं.

"थांबा, भाऊ." सुलक्षणाने फॉर्म दीप्तीकडे सरकवला, 'निरंक' हा शब्द तिच्या डोळ्यांसमोर येईल असा. "प्लास्टिक आहे त्यात, दीप्ती. घातलं यांनी, पण काहीतरी करा म्हटलं ते मी."