चुन्याच्या मनोऱ्याला सिमेंट

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा मनोरा आहे. उत्तर इंग्लंडातल्या हॅझलरॉइड गावाच्या टेकडीवर उभा आहे, पण आता फार दिवस नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात मला बांधलं. तेव्हा विहिरींच्या पाण्यातून आलेल्या कॉलऱ्याने गावातली घरंच्या घरं ओस पडली होती. नळाच्या पाण्यावर कुणाचा भरवसा बसेना, म्हणून विश्वास वाटावा असं मला चर्चचं रूप दिलं. लाल विटांत पिवळ्या विटांचे पट्टे, टोकदार कमानींच्या खिडक्या, माथ्यावर किल्ल्याच्या तटासारख्या दातेरी चर्या आणि त्यांच्याआड बिडाची भलीमोठी टाकी. लोक चेष्टा करायचे, "पाणी प्यायला जायचं की प्रार्थनेला?" पण पाणी प्यायले आणि त्यांची मुलं जगली. त्याचा मला आजही गर्व आहे.

पुढे नवे पंप आले. टाकी कोरडी पडली, मला पाडायचं ठरलं. तेव्हा म्युरिएल ऑग्डन उभी राहिली. तिचे वडील माझी टाकी धुवायचे. तिने चर्चच्या सभागृहात संत्र्याचा मुरंबा विकला, जुने कपडे विकले, शेजारच्या डेस्मंड सगडेनला कामाला जुंपलं आणि मला वाचवलं. त्या दिवशी मला वाटलं, आता मरण नाही.

पण आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. माझ्या विटांमधल्या दरजांतला चुना झिजला होता. डेस्मंड म्हणाला, "हे भुसभुशीत काय कामाचं? सिमेंट भरू. नातवंडांनाही पुन्हा डागडुजी करायला नको." साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काय बोलणार? चुना पावसाचं पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो. सिमेंट सोडत नाही. अडकलेलं पाणी विटांत शिरलं, थंडीत गोठलं, फुगलं. माझ्या विटांचे चेहरे सोलून पडू लागले. सिमेंट मात्र शाबूत राहिलं.

परवा एक तज्ज्ञ आला. सिमेंट काढायला गेलं तर विटाही सोबत येतात, त्यामुळे मनोरा उतरवावाच लागेल, असं सांगून गेला. म्युरिएल कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीत बसून होती. डेस्मंडने तिला चहा ओतून दिला.

"म्युरिएल, आपण जीव तोडून केलं गं."

"तेच तर," ती म्हणाली. "जीव तोडून केलं. कुणाला विचारून केलं का?"

"तू रागावलीस माझ्यावर?"

"टाळ्या मीच आधी वाजवल्या होत्या रे. पी चहा, गार होतोय."

मित्रांनो, दुर्लक्ष झालं तेव्हा मी कोरडा पडलो, तरी उभा होतो. मला संपवलं ते मायेने. कुणाला वाचवायला जाल, तेव्हा तो कशाचा बनलाय एवढं आधी विचारा. सोमवारी माझ्या चर्या उतरवणार आहेत. म्युरिएल येणार म्हणते. तिने येऊ नये, असं मला वाटतं.